आजारी माणूस घासाघीस करू शकत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांनी लिहिलं होतं की अमेरिकेत उपचार महाग आहेत कारण तिकडे क्वालिटी आहे, आणि आपल्याकडे स्वस्त आहेत कारण आपण कमी दर्जावर भागवतो. वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मी पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात २४ वर्षं बिलिंगला काढली, आधी ओपीडीचं काउंटर, मग आयपीडी (ॲडमिट पेशंटची बिलं) आणि शेवटची ९ वर्षं टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारं टेबल, २०२२ला रिटायर झाले. बिल कसं तयार होतं हे मी रोज बघितलंय, त्यामुळे क्वालिटी म्हणून भाव जास्त हे मला पटत नाही. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर माझ्या घरच्या गोष्टी कापा पण आकडे ठेवा.

आमच्या ओळखीत गेल्या चार-पाच वर्षांत अपेंडिक्सची तीन ऑपरेशनं झाली, तिन्ही दुर्बिणीतून, तिघंही तरुण, तिघंही दोन-तीन दिवसांत घरी. माझा भाचा ओहायोत असतो, त्याच्या हॉस्पिटलने ३८ हजार डॉलरचं बिल काढलं, म्हणजे ३२ लाखांच्या वर, मग विमा कंपनी म्हणाली आमचा तुमच्याशी ठरलेला रेट १४ हजार आहे, आणि त्यातले साडेचार हजार डॉलर भाच्याच्या खिशातून गेले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी जपानी शिकून नागोयाला गेली (पुण्यात आता दर सोसायटीत एकजण तरी जपानी शिकतोय), तिचं पूर्ण बिल ६ लाख येनच्या आसपास झालं, तिचा वाटा त्यात ३० टक्के, पण तिकडे पगाराच्या मानाने महिन्याला एक कमाल मर्यादा ठरलेली असते, तिच्या पगाराला ती ८० हजार येनच्या थोडी वर, तेवढेच तिने भरले. ५० हजार रुपयांच्या आत काम झालं. आणि माझ्या धाकट्या दिरांचं इथेच पुण्यात झालं, सेमी-प्रायव्हेट रूम, ८७ हजार, त्यातले विम्याने ६१ दिले.

आता त्या गृहस्थांच्या हिशेबाने बघितलं तर भाच्याचं ऑपरेशन दिरांच्या ऑपरेशनपेक्षा पस्तीस-चाळीस पट चांगलं झालेलं असायला हवं. तसं काही झालेलं नाही. आणि एकट्या-दुकट्याचं सोडा, अख्ख्या देशाचं बघा. २०२२ साली अमेरिकेने आरोग्यावर माणशी साडेबारा हजार डॉलर खर्च केले, जर्मनीने आठ हजार, इंग्लंडने साडेपाच हजार आणि जपानने सव्वापाच हजार, आणि हे आकडे तिथली महागाई-स्वस्ताई जमेला धरून काढलेले आहेत. त्याच वर्षी अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान साडेसत्त्याहत्तर वर्षं आणि जपानचं ८४च्या आसपास. देशाच्या एकूण उत्पन्नातले १०० पैकी १७ रुपये अमेरिका आरोग्यावर घालवते. आयुर्मान नुसतं दवाखान्यावर ठरत नाही, खाणंपिणं, बंदुका, व्यसनं, सगळं त्यात आलं, हे मला कळतं. पण दुप्पट पैसे देऊन सहा वर्षं कमी मिळत असतील तर निदान महाग म्हणजे चांगलं हे तरी म्हणू नका ना.

मग फरक कुठून येतो? पगार हे एक कारण आहेच आणि ते मी नाकारत नाही. आमच्याकडे नर्सला हातात पडायचे वीस-पंचवीस हजार रुपये, अमेरिकेत नर्सचा वर्षाचा पगार ८० हजार डॉलरच्या वर. हॉस्पिटल म्हणजे शेवटी माणसंच, वॉर्डातल्या मावशी, वॉर्डबॉय, टेक्निशियन, रात्रपाळीचे डॉक्टर, आणि हे काम मशीनवर टाकून स्वस्त करता येत नाही, टीव्ही दर वर्षी स्वस्त होतो पण पेशंटची कूस बदलायला आजही दोन माणसंच लागतात. त्यामुळे ज्या देशात एकूणच पगार जास्त तिथे दवाखाना महाग असणारच. आपल्याकडचं बिल कमी दिसतं त्यात त्या मावशींच्या तुटपुंज्या पगाराचा मोठा वाटा आहे, हे 'भारतात उपचार किती स्वस्त' म्हणताना लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. पण पगाराने सगळं सुटत नाही. जर्मनीत काय नर्स फुकट काम करते का, जपानमध्ये काय डॉक्टर उपाशी आहेत? ते पण श्रीमंत देश, आणि तरी अमेरिकेच्या निम्म्यात-दोन तृतीयांशात त्यांचं भागतं. काही जण म्हणतात अमेरिकेत डॉक्टरांवर सारख्या केसेस होतात म्हणून महाग, त्याचाही अभ्यास झालाय, सगळं मिळून, घाबरून केलेल्या जादा तपासण्या धरूनसुद्धा, तो खर्च २००८ साली एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आतच होता.

खरी गोष्ट कुठे आहे ते मी आमच्या काउंटरवरून सांगते. बाहेरच्या लोकांना वाटतं की रूम बदलली की फक्त रूमचं भाडं बदलतं. तसं नसतं. जनरल वॉर्डातून सेमी-प्रायव्हेटला गेलात की सर्जनची फी वाढते, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस वाढतात, भूलवाल्या डॉक्टरांचे वाढतात, व्हिजिट चार्जेस वाढतात, कुठे कुठे रक्ताच्या तपासणीचेसुद्धा वाढतात, आणि सर्जन तेच, ओटी तेच, टाके तेच. सॉफ्टवेअरमध्ये रूमची कॅटेगरी बदलली की बिलातली प्रत्येक ओळ आपोआप बदलायची. विम्यात रूम भाड्याला लिमिट असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही, त्या प्रमाणात सर्जनची फी, ओटी, व्हिजिट अशा बिलातल्या बऱ्याच ओळी कापते, दिरांचे २६ हजार असेच गेले. म्हणजे एकाच छपराखाली एकाच कामाचे चार भाव. ते भाव खर्चावरून निघत नाहीत, समोरचा माणूस किती देऊ शकतो आणि त्याच्या बाजूने भांडायला कोण आहे यावरून निघतात. देशादेशांतला फरकसुद्धा बहुतेक असाच आहे.

यातली एक गोष्ट मला अजून लागते ती लिहितेच. २००८च्या आसपासची गोष्ट आहे, मार्केट यार्डातला एक हमाल त्याच्या भावाला घेऊन आला होता, पोटात अल्सर फुटलेला, लगेच घ्यायला पाहिजे अशी केस. डिपॉझिट ४० हजार. दोन तासांत त्याच्या टोळीतली माणसं आली, प्रत्येकाने थोडे थोडे काढलेले, पेपरात गुंडाळून आणलेल्या शंभर-शंभरच्या नोटा, काही नोटांना मिरचीचा वास. मी मोजत होते आणि तो मला विचारत होता, ताई यात काही कमी नाही का होणार. आता विचार करा, हा माणूस रोज गुलटेकडीला कांद्याच्या गोणी उचलतो, लिलावात कुठल्या गाळ्यावर काय भाव फुटला हे त्याला तोंडपाठ, पाच रुपयांचा फरक असला तरी दुसऱ्या गाळ्यावर जाणारी माणसं ती. आणि भावाच्या जिवाचा भाव मात्र मी सांगितला तेवढा त्याने दिला, कारण दुसरीकडे जायला वेळ नव्हता, काय करायचं ते डॉक्टर ठरवणार, किती लागेल ते कुणालाच आधी सांगता येत नव्हतं, आणि नको म्हणायची सोय नव्हती. केनेथ अॅरो म्हणून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते, नोबेल मिळालेले, त्यांनी १९६३ सालीच हे मांडून ठेवलंय की आरोग्य हा बाजारातल्या इतर मालासारखा माल नाही, कारण घेणाऱ्याला माहिती नसते आणि आजार कधी येईल हे ठरलेलं नसतं. मी ते फार उशिरा वाचलं. पण त्या दिवशी काउंटरवर बघितलं ते तेच होतं.

आणि जास्त लागतं ते पुढचं. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं होतं. महाराष्ट्रात ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचं कायद्याने बंधन आहे, हायकोर्टाने २००६ साली त्याची योजना आखून दिली, बिलिंगमधले २ टक्के त्या फंडात टाकायचे असतात. तो हमाल त्यात नक्की बसला असता. पण आम्हाला वरून तोंडी सांगितलेलं होतं की कोणी विचारलं तरच सांगायचं, आणि त्याने 'कमी होणार का' एवढंच विचारलं, योजनेचं नाव त्याला कुठून माहीत असणार. मी गप्प बसले. नंतर मी सांगायला लागले, दोनदा मेमो खाल्ला, पण त्याला नाही सांगितलं.

तर मुद्दा असा की आजाऱ्याच्या वतीने भाव कोण करतं. जपानमध्ये हे काम सरकार करतं. तिथे प्रत्येक तपासणीला, प्रत्येक ऑपरेशनला, प्रत्येक औषधाला अख्ख्या देशात एकच दर, तो पॉइंटमध्ये लिहिलेला असतो आणि एक पॉइंट म्हणजे १० येन. टोकियोच्या झगमगीत हॉस्पिटलात तोच आणि खेड्यातल्या दवाखान्यात तोच. दर दोन वर्षांनी डॉक्टरांचे प्रतिनिधी, पैसे भरणाऱ्यांचे प्रतिनिधी आणि तटस्थ माणसं एकत्र बसून तो बदलतात. लोकसंख्येच्या मानाने सगळ्यात जास्त एमआरआय मशीन जपानमध्येच आहेत आणि तरी तिथला एमआरआय अमेरिकेच्या मानाने किती तरी स्वस्त. दवाखाने बहुतेक खासगीच आहेत हां, सरकारी नाहीत, म्हणजे 'खासगी आहे म्हणून महाग' हेसुद्धा पूर्ण खरं नाही, भाव मात्र खासगीत ठरत नाही. तिथे १९६१ पासून प्रत्येकाला विमा आहे.

इंग्लंडने १९४८ साली दुसरा रस्ता धरला, करातून पैसे गोळा करायचे आणि दवाखाना फुकट. एवढं मोठं एकच गिऱ्हाईक म्हटल्यावर औषध कंपन्यांना भाव उतरवावाच लागतो, आणि १९९९ पासून त्यांनी एक संस्थाच ठेवली आहे जी बघते की या औषधाने आयुष्याचं एक चांगलं वर्ष वाढायला किती पौंड पडतात, कित्येक वर्षं साधारण २०-३० हजार पौंडांच्या वर गेलं तर बहुतेक वेळा नाही म्हणायचे. ऐकायला कठोर वाटतं, मलाही वाटलं होतं. त्याची दुसरी किंमतही आहे, २०२३ साली इंग्लंडात वाट बघणाऱ्यांची यादी ७५ लाखांच्या वर गेली होती, माझ्या नणंदेची मुलगी लीड्सला असते, तिच्या सासूबाई गुडघ्यासाठी १४ महिने थांबल्या, काठीवर. पैसे नाही दिले तर वेळ द्यावा लागला. हे झाकून ठेवून मला तिकडचं कौतुक करायचं नाही.

अमेरिकेत मात्र असा एक कोणी नाही. शेकडो विमा कंपन्या, प्रत्येकीचा प्रत्येक हॉस्पिटलशी वेगळा करार, वेगळा रेट, त्यामुळे हॉस्पिटल आधी छापील भाव आभाळाला नेऊन ठेवतं आणि मग प्रत्येकाला वेगळी सूट देतं, ज्याला विमा नाही त्याच्या डोक्यावर बऱ्याचदा सगळा छापील भाव. माझ्या भाच्याचे ३८ चे १४ हजार झाले ते असे. २००३ साली तिथे ज्येष्ठांच्या सरकारी योजनेत, म्हणजे मेडिकेअरमध्ये, औषधांचा खर्च धरला गेला आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की सरकारने औषध कंपन्यांशी भावाची बोलणी करायची नाहीत. जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्याने तोंड उघडायचं नाही! २०२२च्या कायद्याने ते थोडं बदललं, पहिल्या १० औषधांचे बोलणी करून ठरलेले भाव २०२६ पासून. वीस वर्षं गेली मध्ये.

दुसरं म्हणजे या सगळ्या वेगवेगळ्या करारांचा हिशेब ठेवायला माणसं लागतात, आणि त्यांचा पगारही पेशंटच्याच बिलातून जातो. अमेरिकेत २०१७ साली आरोग्यावरच्या खर्चातले ३४ टक्के नुसत्या कारभारावर गेले, कॅनडात १७. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही कारण मी तेच काम केलंय. टीपीए डेस्कला आम्ही सुरुवातीला दोघी होतो, मी सोडलं तेव्हा सात जणं. प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा, पोर्टल वेगळं, क्वेरी वेगळी, डिस्चार्ज सकाळी ११ला लिहिलेला आणि फायनल अप्रूव्हल संध्याकाळी ६-७ला, तोपर्यंत पेशंट कपडे बदलून पिशव्या भरून कॉटवर बसलेला आणि नातेवाईक माझ्या खिडकीपाशी, आणि तेवढ्या वेळात पुढचा पेशंट खाली कॅज्युअल्टीत कॉटची वाट बघतोय. या सात जणांनी एकाही पेशंटला एक गोळी दिली नाही. आपण हळूहळू अमेरिकेच्याच वाटेने चाललोय ही माझी खरी भीती आहे.

औषधांचं मात्र आपलं वेगळं आहे आणि त्यात पुण्याचा वाटा आहे, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. माझे वडील पिंपरीला एचएमध्ये, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते, माझं लहानपण त्या कॉलनीतलं. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती कंपनी उभी राहिली, पेनिसिलिन आपल्याकडे बनायला लागलं. वडील सांगायचे की त्याआधी पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि गरिबाला ते मिळायचंच असं नाही. मग १९७०चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला, त्याने औषधाच्या रेणूवर, म्हणजे खुद्द औषधावर, पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर ठेवलं, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने बनवता येत असेल तर बनवा आणि विका. त्याच्यावर आपला सगळा औषध उद्योग उभा राहिला, दहा कंपन्या तेच औषध बनवतात म्हटल्यावर भाव पडणारच. २००१ साली सिप्लाने एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला १० हजार डॉलरच्या वर पडत होते. औषध तेच! २००५ला जागतिक व्यापार करारामुळे रेणूवरचं पेटंट परत आलं, पण कायद्यात खुट्टा मारून ठेवलाय की जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येणार नाही, त्याच्यावरच २०१३ साली सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस कंपनी ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाची केस हरली. आणि २०१२ला सरकारने नॅटको कंपनीला बायरचं कॅन्सरचं औषध बनवायची परवानगी दिली, महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते ८,८८० झाले. आपल्या हडपसरच्या सीरमने आफ्रिकेसाठी मेंदूज्वराची लस बनवली, २०१० साली बुर्किना फासोत पहिल्यांदा दिली, एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. हे सगळं दर्जा कमी करून झालेलं नाही, कुणीतरी भावाला हात घातला म्हणून झालंय.

आमच्या घरात इन्सुलिन आहे, मिस्टरांना पंधरा वर्षं झाली. साधी बाटली दीडशे-पावणेदोनशेला मिळते कारण सरकारने तिचा कमाल भाव बांधलाय. १९२१ला टोरंटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि शोध लावणाऱ्यांनी १९२३ला पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, हे सगळ्यांचं आहे म्हणून. आणि त्याच इन्सुलिनचे २०१८ सालचे छापील भाव बघा, सरासरी एका मापाला अमेरिकेत ९९ डॉलर आणि ऑस्ट्रेलियात ७. नदीपलीकडे कॅनडात १२. इन्सुलिनचे प्रकार बदलले, मान्य, पण ते सगळीकडेच बदलले. अमेरिकेत मेडिकेअरवाल्यांना २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरच्या वर द्यावे लागत नाहीत, ते पण कायदा केल्यावर.

आपल्याकडे भाव बांधला की काय होतं हे मी दोनदा अगदी जवळून बघितलं. फेब्रुवारी २०१७ला स्टेंटचे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या तारेच्या जाळीचे, भाव बांधले, औषधवाला स्टेंट सरासरी सव्वा लाखाच्या आसपास जायचा तो २९,६०० वर आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचा. एका रात्रीत आम्ही रेट मास्टर बदलला. मला वाटलं अँजिओप्लास्टीचं बिल लाखभराने उतरेल. तेवढं नाही उतरलं. पुढच्या काही महिन्यांत कॅथलॅबचे (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचे) चार्जेस वाढले, प्रोसिजर चार्जेस वाढले, बलून आणि कॅथेटरच्या ओळी जाड झाल्या. एक वस्तू दाबली की दुसरीकडून फुगते. २०१८ला औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीच्या परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता, हातमोजे-सिरिंज-कॅन्युला असल्या बारीक गोष्टींत. जपान अख्ख्या उपचाराचा दर ठरवतं आणि आपण त्यातल्या एका तारेचा ठरवतो, हा फरक आहे.

दुसऱ्यांदा बघितलं ते कोविडमध्ये. मे २०२०ला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांना दर लावले, दिवसाला वॉर्ड ४ हजार, आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार. पळवाटा तेव्हाही निघाल्या, पीपीई किटच्या ओळी मी स्वतः बघितल्या आहेत. पण बिलं तपासायला ऑडिटर बसले आणि बऱ्याच लोकांना पैसे परत मिळाले, माझ्याच हातून चेक गेलेत. अख्ख्या खाटेचा दर ठरवता येतच नाही असं जे इतकी वर्षं ऐकत आले होते, ते एका आदेशाने झालं.

डॉक्टरांची आणि हॉस्पिटलवाल्यांचीही बाजू आहे. पुण्यात जागेचे भाव काय आहेत, मशीनवर कर्ज, लाइटबिल, रात्रीचा स्टाफ पेशंट असो-नसो ठेवावाच लागतो, आणि छोटं १५-२० खाटांचं हॉस्पिटल चालवणारं डॉक्टर जोडपं काही कोट्यधीश नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे पॅकेज दर कमी, पैसे उशिरा, म्हणून चांगली हॉस्पिटलं तिकडे यायला बघत नाहीत हेही मला माहीत आहे. सरकारने मनाला येईल तो दर ठरवला तर एक तर हॉस्पिटल दार लावून घेईल नाही तर पेशंटच्या जिवावर काटकसर करेल. म्हणूनच जपानसारखं डॉक्टरांना समोर बसवून, खर्चाचा हिशेब टेबलावर ठेवून, ठरावीक वर्षांनी परत बघायचं, असं मी म्हणतेय.

आणि आपला भाव कमी आहे याचा फार आनंद मानण्यात अर्थ नाही, कारण भाव कमी असला तरी तो भरतं कोण? २०१३-१४ला देशातल्या आरोग्यखर्चातले १०० पैकी ६४ रुपये लोकांच्या थेट खिशातून जायचे, २०२१-२२ला ते ३९ वर आले, चांगलंच झालं, पण ३९ पण फार आहेत. थायलंड काही फार श्रीमंत देश नाही, त्यांनी २००१-०२ला ३० बाथमध्ये उपचार ही योजना आणली आणि आज तिथे खिशातून जाणारा वाटा साधारण १० टक्क्यांच्या आसपास आहे. आपलं केंद्र आणि राज्यं मिळून सरकार २०२१-२२ला देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के आरोग्यावर घालत होतं, २०१७च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के म्हटलं होतं. माझ्या भाच्याचे साडेचार हजार डॉलर म्हणजे त्याचा महिन्याचा पगारही नव्हे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंचं घर महिन्याला १४ हजारात चालतं, त्यांना ८७ हजार म्हणजे सहा महिने. मग कोणतं अपेंडिक्स महाग पडलं?

ससूनचं, आपल्या पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलचं, एवढ्यासाठीच मला वाटतं. १८६७ पासूनचं हॉस्पिटल आहे, अर्धा महाराष्ट्र तिथे येतो, आणि ते जेवढं स्वच्छ, माणसांनी आणि औषधांनी भरलेलं असेल तेवढा बाकीच्या पुण्याचा भाव आपोआप खाली राहील, कारण मग पेशंटला 'नको, मी ससूनला जातो' असं म्हणता येईल. घासाघीस करायला आधी उठून जायची सोय असावी लागते.

आता तुमच्याकडे एक मागणं. महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा घेतला नाही, पण आपल्या नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ला सुधारणा केली, पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं त्यात आहे. गेल्या दोन महिन्यांत मी नात्यागोत्यातल्या पेशंटना भेटायला पाच हॉस्पिटलांत गेले, सनद तीन ठिकाणी दिसली, दरपत्रक एका ठिकाणी, तेही लिफ्टच्या मागे. आणि नुसता बोर्ड लावूनही भागत नाही, अमेरिकेत जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना सगळे भाव जाहीर करावे लागतात, त्याच्या एवढाल्या फाइली आहेत की साध्या माणसाला त्यातून काही कळत नाही. भाव एकाशेजारी एक ठेवले तरच उपयोग.

तर तुमचे बातमीदार पुण्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडमधल्या वीस-पंचवीस हॉस्पिटलांत पाठवा आणि पाचच गोष्टी विचारा, अपेंडिक्स, हर्निया, मोतीबिंदू, साधी डिलिव्हरी, एक गुडघा. रेट विचारताना आधी रूमची कॅटेगरी सांगा नाही तर उत्तराला अर्थ राहणार नाही. पॅकेजमध्ये औषधं आणि कन्झ्युमेबल्स धरलेत का, इम्प्लांट वेगळं का, भूलवाल्या डॉक्टरांची फी आत की बाहेर, एक दिवस जास्त राहिलं तर काय, आणि ट्रस्टचं असेल तर राखीव खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, एवढं लिहून घ्या आणि एका पानावर तक्ता छापा. फॉर्म कसा असावा तो मी करून ठेवलाय, दोन पानांचा आहे, हवा असेल तर आणून देते. रोज ११ नंतर मी मोकळी असते, तुमच्या पोरांबरोबर फिरायचीही माझी तयारी आहे, कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते मला माहीत आहे.

आपली,
एक निवृत्त बिलिंग कर्मचारी
सिंहगड रोड, पुणे